बंद करण्याआधीची ओळ

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ती त्यांना चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला घेऊन गेली होती. एकदा भांडणात ती त्यांना नको ते बोलली होती आणि माफी मागायची अकरा वर्षं राहून गेली होती. बाबा आत गेले, ती बाहेर बाकावर बसली. शेजारच्या बाकावर एक दाढीवाला प्रोग्रामर आणि त्याची सहकारी लॅपटॉप उघडून हुज्जत घालत होते.

“अरे, फ्लशची आज्ञा दिली की साठलेलं सगळं बाहेर यायला हवं. तुझ्या कोडच्या लायब्ररीत ते आतच बसून राहतं.”

“अगं, डेटा दाबून लहान करायचा तर आधी थोडा साठू द्यावा लागतो.”

“साठव की! पण मागितल्यावर तरी दे. ती वापरणाऱ्या त्या माणसाची वीज गेली आणि नोंदीची शेवटची ओळ कायमची गेली.”

“त्याने स्ट्रीम, म्हणजे डेटाची धार, रीतसर बंद केली असती तर आली असती बाहेर.”

“बंद करायला वेळ कुठे मिळाला त्याला?”

“माझ्या चाचण्यांत मी शेवटी बंद करायचोच गं. वेळ मिळणारच, असं धरून चाललो.”

“इतकी वर्षं?”

“मीठ चोळू नकोस. दुरुस्ती बघ.”

“मागेल तेव्हा बाहेर काढलं तर कमी दाबलं जाईल, फाइल जरा फुगेल.”

“फुगू दे.”

बाबा बाहेर आले.

“काय गं, गप्पशी?”

“काही नाही. चला.”

पंधरा दिवसांनी ती त्यांचा तयार चष्मा आणायला गेली. त्याच बाकावर बसून तिने डबी उघडली आणि ती मोठ्याने म्हणाली,

“बाबा, मी तुम्हाला अडाणी म्हटलं होतं. माझं चुकलं.”