नूलाबाईंचे सात खर्डे

(पाचगणी. दिवंगत आयरिश लेखिका नूलाबाई यांच्या बंगल्याचा व्हरांडा. आयर्लंडच्या ग्रंथालयाला पाठवण्यासाठी स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या खोक्यांत त्यांचे कागद भरणं चाललंय.)

तानुबाई : न्हाई म्हंजे न्हाई! बाकीचं समदं ने, पर त्यो गठ्ठा मला दे. बंबात घालते.

ज्ञानदा : मावशी, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय. महिनाभर रोज वाईहून घाट चढून येतेय मी. उद्या गाडी येणार आणि आता माझ्यात त्राण उरलेलं नाही. एवढं काय आहे त्यात?

तानुबाई : सयाजी हाय. माजा ल्योक. मला वाचता येत न्हाई, पर वर बाईंनी त्येचं नाव मराटीत लिवलंय. त्येच्या हातावर तसंच गोंदलं व्हतं.

ज्ञानदा : हा होय? एकाच लेखाचे सात खर्डे आहेत. आणि आयर्लंडच्या ग्रंथालयाला नेमके हेच हवेत. छापलेलं सगळं आहे त्यांच्याकडे. त्यांना खोडलेलं, परत लिहिलेलं बघायचंय.

तानुबाई : छापू नका म्हनून पाया पडले व्हते मी. चाळीस वरसं हातात चा दिला बाईंच्या, मागितलं ते येवडंच.

ज्ञानदा : मग नाहीच छापलं त्यांनी.

तानुबाई : पर टाकलं बी न्हाई न्हवं! वाचलंस का तू?

ज्ञानदा : कुठं वाचू? पानं मोजायची, नंबर घालायचा, पुढचा गठ्ठा. बास.

तानुबाई : मग ऐक. सयाजी फौजेतनं पळून आलता. गावाला वाटतं सुट्टीवर आला आन तापानं गेला. ह्या मागच्या खोलीत अकरा दीस दडवला मी त्येला. ताप लय चढला. डाक्टर आला तर पकडून नेतील म्हनून न्हाई बोलावला. बाराव्या दिशी गेला. सून पोटुशी व्हती. त्यो जयराज आता सोता फौजेत हाय. बापाबद्दल मी त्येला काय काय सांगितलंय, ते इचारू नगंस.

ज्ञानदा : मावशी... पन्नास वर्षं उघडायचं नाही, असं लिहून देता येतं.

तानुबाई : म्हंजे त्येची पोरं वाचनार! दमले गं मी. सव्वीस वरसं येकच खोटं सांगून जीव आंबून गेला माजा.

ज्ञानदा : घ्या हा गठ्ठा. यादीतून काढते. पण एक सांगायलाच हवं. प्रत्येक लेखाच्या शेवटच्या खर्ड्याचे फोटो मी गेल्या आठवड्यातच पाठवलेत. पद्धतच आहे तशी.

तानुबाई : अगं बया! ह्येचा बी?

ज्ञानदा : ह्याचाही. चुकलंच माझं, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.

तानुबाई : काय हाय त्यात? वाच. मराटीत सांग.

ज्ञानदा : अर्धंच पान आहे. 'सैन्यातून पळून आलेला तानूचा मुलगा माझ्या घरात तापानं तडफडत होता. माझ्या दारात पोलीस नको होते. डॉक्टरला बोलवायचं नाही, असं मीच तानूला बजावलं. तो माझ्यामुळं गेला.'

तानुबाई : खोटं हाय! सपशेल खोटं! कुनी लिवलं ह्ये?

ज्ञानदा : मॅडमचंच अक्षर आहे. एक शब्दही खोडलेला नाही.

तानुबाई : सोतावर घेतलं व्हय गं बाईनं! तिकडची तिची मानसं म्हनतील, हिनं परक्याचं पोर मारलं. आन पयल्या कागदात काय हाय?

ज्ञानदा : पहिला नऊ पानांचा आहे. सयाजीनं बागेत लावलेली झाडं, त्याचं हसणं... हं, हे बघा. 'मी डॉक्टरला फोन लावत होते. तानूनं माझा हात धरला.' यावर काट मारलीय, पण वाचता येतंय.

तानुबाई : व्हय. धरला व्हता. लय घट्ट धरला व्हता.

ज्ञानदा : मावशी, हे जाळलं तर तिकडं फक्त तो शेवटचा फोटो राहील.

तानुबाई : कळतंय मला. तुजा फोन हिकडं आन. जयराजला लाव.

ज्ञानदा : आत्ता? काय सांगणार त्याला?

तानुबाई : जे झालं त्ये. कागदातनं कळायच्या आदी आजीकडनं कळू दे. आन ज्ञानदा, त्यो पयला कागद हाय न्हवं, काट मारलेला? त्यो समद्यात वर ठेव.