इंजनाले लागलेली हळद

ओऽऽ भाऊ — हात काढा आधी तिथून! टोपन उघडाचं नाही, सांगतलं न मी. गरम इंजनाचं टोपन म्हनजे काय घरच्या दुधाचं झाकन आहे का, उचललं अन् साय पाह्यली? मागच्या साली एका फौजदारानं असंच उघडलं — मी बोंबलून राह्यलो, पर फौजदार कोनाचं आयकते — अर्धी मिशी गेली त्याची, अन् उरलेली अर्धी मंग त्यानंच काढली, शोभंना म्हनून. तुमची मिशी तं आज पाह्यजे न, शेषरावभाऊ? पोरगी पाह्यले चालले तुम्ही. मंग बसा इथं निंबाखाली, त्या दगडावर. पागोटं काढून ठेवा, कोनी नाही पाहत. जानेफळ चार कोस मांगं राह्यलं, चिखली अजून पुढं आहे, मधात तुम्ही, मी अन् ही बुढी. हाव, गाडीलेच बुढी म्हनतो मी. आजपर्यंत तिनं राग नाही मानला.

उशीर होईन? होऊ द्या न. मोठे मालक कालच पुढं गेले — तुमचे वडील तिथं लोडाले टेकून बसले असतील, सुपारी कातरत. अन् बिजवराची वाट पाह्यतेत लोक, कोठी जातेत? बिजवर म्हनलं म्हनून राग आला? घरात एक बायको असून दुसरी पाह्यले चालला त्याले दुसरं काय म्हनतेत, सांगा — मी आपला मिस्त्री मानूस, मले दुसरा शब्द माहीत नाही. बरं, नाही म्हनत. आता आयका, ही बुढी तापली काऊन. खालचा पाइप गळून राह्यला होता, हे मले सकाळीच माहीत होतं. लढाईच्या पायी रबर मिळते कुठं? तीन महिन्यापासून सायकलीच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून चालवून राह्यलो. त्याच्यावर रेडेटरले वरून एक बारीक छेद पडला, सुईएवढा. एवढं मी पाह्यलं, अन् सुतळी आनाले विहिरीवर गेलो — मोटेपाशी सापडते जुनी सुतळी — पाच मिनिटं नाही झाली, तेवढ्यात तुम्ही बादली उचलली अन् धडाधड ओतली. कोनी सांगतलं होतं? इंजन लाल झालेलं, पानी विहिरीचं, थंडगार! नशीब, लोखंड फुटलं नाही. खामगावच्या कापसाच्या जिनातल्या साहेबाची गाडी आहे ही, साहेब विलायतेले गेला तरी लोखंड चांगलं ठेवून गेला.

आता पाहा, एकेक करू. पाइप बांधला — ट्यूब, वरून सुतळी, वरून साबन चोपडला. कपडे धुवाचा साबन, हाव. राह्यला छेद. त्याले हे — हसू नका — हे हळद. चांगली कोरडी हळद. पान्यात टाकली का पान्यासंगं फिरते, जिथून गळते तिथं जाऊन बसते, अन् फुगते, अन् बंद. झाल, म्हनजे कथलाचा डाग, काहाले लागते? झाल लावाले अकोल्याले न्या गाडी, आठ दिवस बसा. हळदीनं महिना निघते. पर हळदच पाह्यजे. एका बह्याद्दरानं बेसन टाकलं होतं — इथलाच, नाव नाही सांगत — त्याले वाटलं, दोन्ही पिवळेच. मेहकर येईपर्यंत सगळं पिठलं शिजलं आत. मी नळी खोलली तं बोटाएवढे गोळे पडले बाहेर. मी म्हनलं, दादा, आता कांदा आन अन् भाकर आन, गाडी दुरुस्त होत नाही, जेवन तं करू.

खिशात काऊन ठेवतो हळद? सवय आहे, पाच सालापासून ठेवतो. त्याच्या आधी नव्हतो ठेवत — म्हनून तं त्या दिवशी — नाही, काही नाही. कोन्या दिवशी? कोन्याच नाही. उठा जरा, हात लावा. बुढीले वळवून मागून ढकला, चढावर घ्याची आहे, तोंड वर पाह्यजे तिचं. हाव, जानेफळाच्या बाजूले, काऊन का चढ त्याच बाजूले आहे, मी काय करू? हवा धरली आहे तिनं. तुम्ही बादली ओतली न एकदम, तं पान्याखाली हवा दबून राह्यली. वरून पाहाल तं रेडेटर भरलेलं, काठोकाठ, अन् आत इंजनाच्या डोक्यात पानीच नाही, नुसती वाफ. हा खालचा पाइप पाहा — लावा हात, भाजत नाही — थंड आहे न? वरचा तापलेला, खालचा थंड. म्हनजे पानी फिरतच नाही. लोकायले वाटते पानी कमी पडलं, अजून ओततेत. कमी नाही पडत भाऊ, अडते. जोर लावा! थोडा अजून. हां, गोटा लावा चाकाखाली.

आता इंजन चालू करतो, वरच्या पाइपाचा पट्टा ढिला करतो, अन् एकेक गडवा टाकत जातो, अन् पाइप असा दाबत राहाचा — दाबा, सोडा, दाबा, सोडा. गाय दोहता येते न? तसंच. तुम्ही दाबा, मी टाकतो. घाई नाही कराची. घाई केली का हवा पुन्हा आत. बुडबुडा आला? येईन. बोलत राहू, म्हनजे हात सुटत नाही. पुष्पाबाई कशा आहेत? काऊन, विचारू नाही का? माही बायको सरवरी जाते न तुमच्या वाड्यावर बांगड्या भराले, तिच्याकडून समजते मले सगळं. आता मी काय कान बंद करून जेवू? सरवरी म्हनते, मोठ्या बाईनं पुष्पाबाईलेच हळद कुटाले बसवलं. नव्या नवरीची. म्हनजे अजून पोरगी पाह्यली नाही तुम्ही, अन् घरात हळद कुटून तयार! अन् कुटते कोन, तं जुनी. सरवरी सांगते, बांगड्या भरताना हात पाह्यला तं मनगटापर्यंत पिवळा. सरवरीनं हिरव्या काढल्या, तं म्हनली, राहू द्या, साध्या भरा.

दाबा न. थांबले काऊन? अन् मोठ्या बाई, तुमच्या आई — मी झुंबरबाईले मानतो, त्यायच्या घरचं मीठ खातो, पर बाई साऱ्या गल्लीले सांगते — इले हळदच लागली नाही. पाच सालात कूस उजवली नाही, काऊन का हळद लागली नाही. नवऱ्याची हळद नवरीच्या अंगात उतरते म्हने, अन् इच्या अंगात उतरलीच नाही, अंगच असं कोरडं. अन् ते बिचारी खरं मानते! दोन वेळा शेगावले पायी गेली, अनवानी, गुरवारचं खात नाही, आरशात पाहून गालाले चोळत बसते म्हने. कायले? अजी, लागन कशी? जे आलीच नाही ते लागन कशी?

...काही नाही. बुडबुडा आला, पाहा. बोललो असंच. दाबा. — नाही, असं पाहू नका माह्याकडं. — अरे बाप्पा. बरं. सांगतो. मारू नका फक्त, अन् मारलं तं लोखंडी पाना घेऊन मारू नका, माहा एक दात हालते.

तुमच्या लग्नातली गोष्ट. तुम्हाले सकाळी हळद लागली, उरलेली उष्टी हळद नवरीकडं धाडली — वच्छलाबाई, तुमच्या आत्या, पितळेचा डबा मांडीवर घेऊन मांगं बसल्या होत्या, संगं दोन बाया. इथून अर्ध्या कोसावर बुढीनं पिचकारी मारली. उन्हाळा, विहीर नाही, एक कळशी पानी तेवढं. अन् तिकडं नवरी पाटावर बसून राह्यलेली, मुहूर्त निघून जाईन, लोक म्हनतीन, मुसलमानाच्या गाडीनं लगन मोडलं. वच्छलाबाई घोरून राह्यल्या होत्या, बाया झाडामांगं गेल्या होत्या. मी डबा उघडला. म्हनलं चिमूटभर घेतो. चिमटीनं भागलं नाही. मूठभर घेतली. मंग म्हनलं, आता उरलं काय त्यात, अन् डबाच उलटा केला. तेलातली होती, बसन का नाही मले शंका होती, पर बसली भाऊ, लय चांगली बसली! चिखलीपर्यंत थेंब नाही गळला. तं आता हिशेबानं पाहा — तुमची हळद लागली कोनाले? हिले! शास्त्र पाह्यलं तं तुमची धर्माची बायको हे बुढी आहे, अन् मी तिचा बाप, कन्यादान राह्यलं तेवढं.

डब्यात काय गेलं मंग? चिखलीत थांबलो — आत्या अजून घोरूनच राह्यल्या होत्या, बाया पानी प्याले उतरल्या — किराना दुकानातून हळद घेतली, पुडीची. तेल पाह्यजे, तं तेल कुठं? एरंडेल होतं चाकाच्या धुरीले लावाचं — नवं होतं, डब्यातून पहिलंच काढलं — तेच घातलं. अन् कालवलं. कशानं म्हनजे? हातानं. माह्याच हातानं. धुतले होते. अन् तोंडातून बिस्मिल्ला निघालं, आता ते सवयीनं निघते, मी काही मुद्दाम नाही म्हनलं. डबा पुन्हा आत्याच्या मांडीवर. तेच लावली पुष्पाबाईले. बाया म्हनत होत्या, हळदीले वास कसा येते, अन् ते पोरगी, सोळा सालाची असन, डोळे मिटून हसून राह्यली होती. मी दूर गाडीपाशी उभा. मलेही हसू आलं होतं तेव्हा.

नंतर नाही आलं. पह्यलं साल गेलं, दुसरं गेलं. सरवरी घरी येऊन सांगे, आज मोठ्या बाई असं बोलल्या, आज तसं बोलल्या, अन् मी पाना हातात घेऊन बसून राहो. सरवरीलेही नाही सांगतलं मी. रोज म्हनो, उद्या जाऊन सांगतो — बाई, पोरीच्या अंगात काही खोट नाही, तिले हळद पोहोचलीच नाही, चूक माही आहे. अन् रोज वाटे, नोकरी जाईन, वाड्याच्या दारात पाय ठेवू देनार नाहीत. भेलो भाऊ. फौजदाराले नाही भेत, मोठ्या बाईले भेतो. पर आता सांगतलं तुम्हाले. छाती हलकी झाली. आता तुम्ही आईले सांगजा, अन् मले बोलवा, मी समोर येतो, कान धरतो, पाहिजे तं पुन्हा खरी हळद काढा, पुष्पाबाईले पुन्हा लावा —

हसून राह्यले? हसा, हसा. हसन्यासारखं आहेच ते. मीही तं गमतीनंच —

काय म्हनलं? — पुन्हा म्हना. इंजनाचा आवाज आहे, आयकू नाही आलं. — हळदीचं कोन धरून बसते? म्हनजे? मोठ्या बाई तं — ते बायायले सांगाले? गल्लीले सांगाले? अन् खरं? — काळी जमीन. रस्त्याले लागून. नव्या पोरीच्या बापाले पोरगा नाही. हाव, समजलं. चाळीस एकर. दुसरं सांगू नका, समजलं मले. लेकराचं असतं तं डागदराले दाखवलं असतं, नाही का, तेही नाही केलं. अन् तुम्हाले माहीत होतं हे? पह्यलेपासून? ते शेगावले अनवानी गेली तेव्हाही? गालाले चोळत बसे तेव्हाही माहीत होतं?

दाबू नका आता. सोडा पाइप. निघाली हवा, शेवटचा बुडबुडा केव्हाच निघाला. पट्टा कसतो. हा खालचा पाइप पाहा, तापला बरोबर, पानी फिरून राह्यलं. गळत नाही. बंद करतो इंजन, कूपनाचं पेट्रोल आहे, उगी जाळाचं नाही. नाही, बसत नाही मी. हे धरा. हँडल आहे. खाली भोकात घालून फिरवतेत, अंगठा बाहेर ठेवाचा, नाही तं मोडते.

मी जानेफळले जातो. पायी जातो, चार कोस काही लय नाही. वाड्यावरच जातो. मोठ्या बाईकडं नाही, मागच्या दारानं, उखळापाशी. त्या पोरीले एवढंच सांगतो, बाई, तुह्या अंगात काही खोट नव्हती, हळद खोटी होती. अन् चाळीस एकराचंही सांगतो. मंग कोन काय करन ते तिच्या माघारी नाही, तिच्या समोर करन.

नोकरी? ठेवा. तुमच्यापाशीच ठेवा. गाडी चांगली आहे, पानी भरलं आहे, हवा निघाली आहे. चालवनारा पाहा कोनी.