काठावरचं गवत

पाणी तपासणीच्या खिडकीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या कारकुनाचे कान रांगेतल्या बहीण-भावाकडे लागले होते.

“दादा, ओढ्याकाठची दहा पावलं नांगरायची सोडलीस. लोक हसतात रे.”

“हसू देत. तिथं गवत माजलंय, त्यामुळे शेतातलं खत पाण्यात उतरत नाही. गुरांनाही वरच हौद बांधलाय.”

“मग लहानपणीसारखा तळ दिसतो?”

“अजून नाही. पण गेल्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, एक खेकडा दिसला.”

“खरं सांगतोस? परत दिसला?”

“रोज जाऊन बसतो गं. नाही दिसला.”

“आईला सांगितलंस?”

“सांगितलं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय, आणि मला म्हणते, माझ्या चपला कुठं ठेवल्यास?”