सुपारीचं प्यादं

नाही हो, तो हत्ती एक घर डावीकडे — हां, तिथं. आणि ही सुपारी म्हणजे माझं प्यादं. हरवलं नाही, आहे, घरी आहे — सुपारीवर भागतंय. एवढे दादरहून प्यादेमात टिपून घ्यायला आलात, सावकाश लिहा. समोर रामचंद्रपंत, आमच्या या गिरगावच्या मंडळात सात वर्षं न हरलेला माणूस. त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडलेला, हलायला एक घर नाही; हिंडता काय तो एक घोडा. तुम्ही मारला असता ना तो? मारलात की राजा एकटा उरला, डाव बुर्जी, म्हणजे बरोबरी — सगळी मेहनत पाण्यात. म्हणून घोडा जगवायचा, हत्तीनं नुसता लांब हाकत राहायचं, आणि प्यादं एकेक घर पुढं. कशाला एवढं? कशानंही मात करा, जिंकलात. पण प्याद्यानं केलीत तर त्या भिंतीवरच्या फळीवर नाव चढतं. ते बघा, शेवटचं — रंग अजून ओला वाटतो. ओला कुठला म्हणा, दोन महिने झाले.

तर अगदी इथं, पट असा असताना, गंगुबाई आल्या — आमच्या शेजारच्या खोलीतल्या. जिन्याखालूनच ओरडल्या, कालिंदीला ताप भरलाय, प्लेगचे तपासणीवाले चाळीत शिरलेत, आधी घरी चला. कालिंदी म्हणजे आमचं कुटुंब. आता आमच्याकडे नेम असा, की डावावरून उठला तो हरला. पंत भला माणूस, म्हणाले, उठा हो, पट झाकून ठेवू. मीच म्हटलं — आलोच, तीन तर खेळ्या. पण पंत एकेका खेळीला विचार किती करणार! अर्धा तास गेला असेल. लिहिताय ना? घोडा आत, हत्तीचा धाक, प्यादं पुढं. घोडा बाहेर, पुन्हा प्यादं. आणि मग हे — शह आणि मात. सगळे उभे राहिले. पंतांनी ते प्यादं उचलून माझ्या हातात ठेवलं, तसा मान असतो.

ते मुठीत घेऊनच घरी गेलो. दार सताड उघडं, खाली चौकात अंथरूण जळत होतं. गंगुबाई म्हणाल्या, चौकट धरून बसली होती, हे आल्याशिवाय गाडीत चढायची नाही म्हणून. कितीदा तरी म्हणाली म्हणे. मग चढवली. इस्पितळाच्या फाटकातून मला आत सोडेनात, आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला, परस्पर सोनापूरच्या स्मशानात नेली. तोंड पाहिलं नाही. प्यादं तिच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलंय, दुसरं कुठं ठेवणार? जेवतो, कचेरीत जातो, संध्याकाळी इथं येऊन बसतो. रडू काही येत नाही. आपल्यालाच चमत्कारिक वाटतं, पण येत नाही.

काय म्हणता? कुठं बोट ठेवलंत? — हां. हत्ती सरळ शेवटच्या ओळीत. मात होती खरी, एका खेळीत, गंगुबाई हाक मारत होत्या तेव्हाच. हुशार आहात. इथं कुणाच्या लक्षात आलं नाही, पंतांच्याही नाही. — नाही, नाही, 'नजरचूक' लिहू नका. खोडा ते. मला दिसली होती.

मिटा ती वही. मला पट आवरू द्या. या आता तुम्ही.