मोठ्या अक्षरांचा फोन

परवा आमच्या लेकीची परीक्षा झाली, आणि ती घेतली तिच्या आईच्या जुन्या फोननं. सुमन जाऊन दीड वर्ष झालं, फोन कपाटातच होता. मेघा सध्या एक ॲप बनवायलीय, जिनिंग मिलच्या रांगेत कापसाच्या गाडीचा नंबर घरूनच लावायचं. सेलूच्या एका जिनिंगवाल्यांना ते पाच वाजता दाखवायचं होतं.

"तुमच्या-माझ्या फोनवर चालतंय, बाबा. जुन्यावर बघायला पाहिजे."

मी सुमनचा फोन काढून दिला. तिनं तो लॅपटॉपला जोडला, सेटिंगमध्ये एका ओळीवर सात वेळा बोट टेकवलं, तेव्हा कुठं फोन तिचं ॲप घ्यायला राजी झाला. ॲप उघडलं, तर 'नंबर लावा' हे बटणच गायब!

"आईनं अक्षरं केवढी मोठी करून ठेवलीत! बटण पार स्क्रीनच्या खाली गेलं. थांबा, बारीक करते."

"अजिबात नाही. ती चष्मा लावत नव्हती, म्हणून मोठी केली होती. तसे लोक गावोगाव आहेत. सगळ्यांची अक्षरं बारीक करायला घरोघर जाणार का?"

"बाबा, दोन वाजलेत!"

"मग लाग कामाला."

तोंड फुगवून बसली, पण साडेचारला बटण दिसलं.

पाच वाजता आम्ही जिनिंगवर पोचलो, तर त्यांनी ॲप स्वतःच्या फोनवर टाकायला सांगितलं. त्यांची अक्षरं सुमनच्यापेक्षा मोठी! बटण मात्र जागेवर होतं. त्यांनी ते लगेच दाबलं आणि खूश झाले.

बाहेर येताच मेघा हसायला लागली. "बघा बाबा, आई गेली, पण माझ्या कामात चूक काढायचं काही सोडलं न्हाई तिनं."