अठरा वर्षांनी आलेलं ग्रहण

तंजावरच्या बसस्टँडवर चेन्नईच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची लेक आपल्या मराठीत भांडत होत्या.

"कीर्तना, आज संध्याकाळी चंद्रग्रहण. बस नको."

"अम्मा, उद्या सकाळी कौन्सेलिंग. गेले नाही तर इंजिनिअरिंगची सीट जाते."

"अगे, त्र्याऐंशीत तू जन्मलीस त्या दिवशीचंच ग्रहण हे. अठरा वर्षांनी तुला शोधत परत आलंय. शास्त्रीमामांनी सांगितलं."

"अय्यो! तेव्हा ते इथे दिसलंसुद्धा नव्हतं. आपल्याकडे भर दुपार होती. दिसलं ते अमेरिकेत."

"न दिसता चिकटलं, ते जास्त वाईट."

"मग अमेरिकेतल्या पोरींना शोधू दे की!"

"तोंड आवर. खिडकीतून अर्ध्या गिळलेल्या चंद्राचा उजेड तुझ्या अंगावर पडला तर?"

"सीट गेली तर तिची शांती कुठला शास्त्रीमामा करणार?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. तिकीटवाला तमिळमध्ये म्हणाला, "किती? ग्रहणामुळे गाडी रिकामीच आहे. कुठेही बसा."

"बघ! गावाला अक्कल आहे."

"एक द्या. खिडकीची."

"दोन द्या. खिडकीशी मी बसणार."