शिंपीदादाचा सिनेमा आणि माझा नवरा

...आणि वर मलाच विचारतो, "तू सिनेमा बघतेयस की मला बघतेयस?" आता तुम्हीच सांगा, पडद्यावरच्या खुनापेक्षा शेजारच्या खुर्चीतला नवरा जास्त गूढ निघाला तर बायकोने बघायचं तरी कुणाकडे? सिनेमा छान आहे हं! सिनेमाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल, हिला मेलीला नवीन काही आवडतच नाही.

मी तशी कमी बोलणारी. माहेरी मला 'मांजर' म्हणायचे. घरात आहे की नाही कळत नाही, पण नजर सगळ्यांच्या ताटात! आता तुमच्यासमोर हा जो माझा पट्टा सुटलाय ना, हे पाहून माझी आई चक्कर येऊन पडेल. पण काय करू, बोलायचं कुणाशी? लग्नाला अजून उन्हाळा-पावसाळा उलटलेला नाही, सासर नवं, शेजार नवा, आणि जे बोलायचंय ते माहेरी फोनवर बोलले तर आई उद्या सकाळी दारात हजर. म्हणून तुम्ही. ऐका.

शिंपीदादाच्या गोष्टी वाचल्यात ना? त्या जुन्या रहस्यकथा हो, वाचनालयात ज्यांची पानं सुटी होऊन हातात यायची! गळ्यात टेप, पोट काउंटरला टेकलेलं, दुकानातून कधी उठायचं नाही. गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला यायचं आणि हा बगलेखालची उसवलेली शिवण बघून म्हणायचा, "गेल्या आठवड्यात भिंत चढलात वाटतं? विधवा वहिनींच्या घराची?" संपला माणूस! मी या गोष्टी किती वाचल्या असतील? जेवताना, दळण आणताना, एकदा तर परीक्षेच्या हॉलबाहेर... जाऊ दे.

तर त्याचा सिनेमा आला. आणि काय सिनेमा केलाय! पुस्तकातला शिंपी दोनशे पानांत खुर्ची सोडत नाही, हा पहिल्या गाण्याआधीच कौलांवरून उड्या मारतो, टेप फासासारखी फेकून चोराचा पाय पकडतो! पुस्तकात त्याची बहीण नुसती "दादा, जेवून घे" म्हणायला यायची, इथे ती मोटारसायकल चालवते आणि दादालाच मागे बसवून म्हणते, "घट्ट धर, पडलास तर शिवायला कोण आहे?" तीन गोष्टींची मिळून एक गोष्ट केलीये, शिवाय खुनी बदललाय, म्हणजे माझ्यासारख्या जुन्या खोडांनाही पत्ता लागू नये. काही जुने वाचक चिडलेत म्हणे. चिडू देत. मी पहिल्या अर्ध्या तासात इतकी हसले की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं. सिनेमा छान आहे, त्याबद्दल तक्रारच नाही.

तक्रार नवऱ्याबद्दल. तीही तक्रार म्हणू का नको, तेच कळत नाहीये...

माझा नवरा ऐकायच्या यंत्रांच्या दुकानात काम करतो. ती कानात घालायची छोटी यंत्रं असतात ना, ती बसवायची, आवाज लावून द्यायचा, आणि दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचं, "आता येतंय का ऐकू? आता?" स्वभावाने गरीब गाय. आमची पहिली भेट झाली ना, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते, तो मान खाली घालून बसला होता, दोघांनी मिळून आमच्या सतरंजीचं डिझाइन पाठ केलं. शेवटी त्याने विचारलं, "वाचायला आवडतं?" मी म्हटलं, "शिंपीदादा." एवढंच! आणि तुम्हाला सांगते, तो माणूस असा हसला... असा हसला, की घरातले सगळे दिवे कुणीतरी एकदम लावावेत. मी त्याच क्षणी मनात म्हटलं, ठरलं. जो माणूस मला बघून असा हसतो, त्याच्याबरोबर जन्म निघेल.

सासूबाई त्या दिवशी वेगळीच परीक्षा घेत होत्या. मी स्वयंपाकघरात पाठमोरी, त्या हळूच मागे येऊन अगदी पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "पाणी देतेस गं?" मी चटकन वळले. त्या बाहेर जाऊन जाहीर करतात, "ऐकायला छान येतं हो मुलीला!" आम्ही नंतर पोट धरधरून हसलो. आई म्हणाली, "रंग बघतात, शिक्षण बघतात, कान बघून पसंत झालेली आमचीच पहिली!" आम्हाला वाटलं, मुलगा त्या धंद्यात, तर घरात तेच खूळ असणार. माणूस किती सहज स्वतःची समजूत काढतो नाही?

तर आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. तिकिटं त्यानेच काढलेली, बेतही त्याचाच. थिएटर अर्धं रिकामं. नवं लग्न झालेली जोडपी कुठे बसतात? कोपऱ्यात! अंधारात! माझा नवरा मला पायऱ्यांच्या कडेला घेऊन गेला. "इथे बस, इथे दिव्याचा उजेड येतो." मी म्हटलं, "उजेड कशाला? मी स्वेटर विणणार आहे का?" तो नुसता "अं?" म्हणाला आणि बसला. अंधारात उजेड शोधणारा नवरा! मी कौतुकाने म्हटलं, किती साधा आहे.

मग कपाटाचा प्रसंग येतो. शिंपीदादा कपाट उघडतो आणि आतून... सांगत नाही, तुम्ही बघा. सगळं थिएटर किंचाळलं, माझ्या शेजारच्या रांगेत मक्याच्या लाह्यांचा पाऊस पडला, आणि आमचा पुडा? जिथल्या तिथे. कारण किंकाळीच्या आधीच नवऱ्याने त्यावर हात ठेवला होता. आधी हो! मी म्हटलं, काय चपळ आहे. पुढे मी चुळबुळ करायला लागले, तर म्हणतो, "आत्ता जाऊन ये, आता गाणं आहे, नुसतं बागेतून पळतात." मी गेले, आले, अजून पळतच होते. आणि तिथे, हात पुसता पुसता, मांजर जागी झाली. याला कसं माहीत, बागेतून पळतात?

मग मी सिनेमा बघेन का? मी नवरा बघायला लागले. पडद्यावर डॉक्टर खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोलतोय, आपल्याकडे पाठ. आणि माझा नवरा? माझ्याकडे तोंड करून ओठ हलवतोय. आवाज नाही, नुसते ओठ. सावकाश. एकेक शब्द सुटा. आधी वाटलं चघळतोय. मग वाटलं, दिवसभर बहिऱ्यांशी बोलून सवय जडली असेल बिचाऱ्याला. पण घरी कुठे करतो तो असं? आणि डॉक्टर प्रेक्षकांकडे वळला की याचे ओठ बंद! पुन्हा कुणी पाठ केली की पुन्हा सुरू. म्हणजे ज्याला पडद्यावरचे ओठ दिसणार नाहीत, त्याला दिसावेत म्हणून. त्याचं त्याला कळतही नव्हतं हो! डोळे पडद्यावर, आणि चेहरा आपोआप माझ्या बाजूला, बरोब्बर त्या पायरीच्या दिव्याच्या उजेडात.

त्या थंडगार थिएटरमध्ये माझ्या कानशिलातून असं गरम काहीतरी गेलं... "ऐकायला छान येतं हो मुलीला!" लागला ना टाका? शिंपीदादाला खुर्चीवरून उठावंही लागलं नसतं.

सिनेमा छानच आहे. शेवट तर काय घेतलाय! शिंपीदादा सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात एका रांगेत उभं करतो, कोट शिवायचेत म्हणून एकेकाची मापं घेत जातो, माप घेता घेता एकेकाचं बिंग फोडतो, टेप गळ्याशी आली की माणसाचा चेहरा पांढरा! थिएटर श्वास रोखून बसलंय. आणि मी? मला खुन्याचं नाव पडद्याच्या आधी नवऱ्याच्या ओठांवरून कळलं. इतकी वर्षं शिंपीदादा वाचला, एकदाही शेवटचं पान आधी उघडलं नाही, आणि लग्न करून हे!

बाहेर आलो. ऊन होतं अजून. बसथांब्यावर बाकड्यावर बसलो. एक बस आली, गेली.

मी म्हटलं, "कितव्यांदा?"

"काय?"

"सिनेमा."

त्याने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मला वाटलं खोटं बोलेल. देवा, बोल रे खोटं! मी विश्वास ठेवायला तयार बसलेय! तर म्हणतो, "तिसऱ्यांदा."

बघा. मी दोन धरून चालले होते.

"एकदा एकटा," म्हणाला, "पाठ करायला. आपल्याच भाषेतला सिनेमा, खाली अक्षरं येत नाहीत. आणि... एकदा तिच्याबरोबर."

"तिला ऐकू येत नाही."

"जन्मापासून. दुकानातली एकूण एक यंत्रं लावून पाहिली मी. उपयोग नाही." असं म्हणाला, जणू दोष यंत्रांचा, दुकानाचा, त्याचा, तिचा सोडून सगळ्यांचा.

"आणि आई?"

"आई म्हणाली, घरात हाक मारली तर ओ कोण देणार."

आणखी एक बस गेली. मी पुढे काही विचारायलाच नको होतं. पण मांजरीला कुणी सांगावं? "लग्नानंतर गेलास."

"हा सिनेमा निघणार असं छापून आलं तेव्हा शब्द दिला होता तिला. तेव्हा तू नव्हतीस गं." मग म्हणाला, "तीच म्हणाली, हे शेवटचं. आता भेटायचं नाही. आणि म्हणाली, बायकोला दाखव, तिला आवडेल."

म्हणजे, आलं का लक्षात? हा सिनेमासुद्धा मला तिनेच दाखवला! मी ज्या उड्यांना टाळ्या पिटल्या, ज्या मोटारसायकलवर हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं कुणीतरी बाई आपल्या ताटातून काढून माझ्या ताटात वाढून गेलेली. भांडू कशी मी तिच्याशी? ऐकू तरी जाईल का तिला? छे, हे बोलायला नको होतं... पण तेव्हा खरंच मनात आलं हो, आणि लगेच इतकी लाज वाटली.

मी एकच विचारलं. का विचारलं, देव जाणे. "तिने खुनी ओळखला?"

आणि तो हसला. "पहिल्या दहा मिनिटांत!" सगळे दिवे लागले हो. माझ्या घरी, सतरंजीवर, शिंपीदादाचं नाव ऐकून लागले होते ना, अगदी तेच. तेच! मी जन्मभरासाठी जे जपून ठेवलं होतं ते माझं नव्हतंच कधी. मी नुसतं एक नाव घेतलं होतं आणि त्याला दुसरंच कुणी दिसलं होतं.

आता खरं म्हणजे रडायची पाळी माझी. नियमाने माझी! पण मी रडायला तोंड वाकडं करणार, तेवढ्यात शेजारून हुंदका. नवरा! बसथांब्यावर, भर उन्हात, तोंड हातांत धरून! लोक बघायला लागले. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई पुढे आली, त्याला पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू मीच त्याला छळ छळ छळते. "नवं लग्न दिसतंय," म्हणाली, "जरा सांभाळून घ्यावं माणसाला." मी म्हटलं, "हो मावशी." काय म्हणणार? सांभाळतेच आहे! त्याचा चष्मा माझ्या हातात होता, त्याच्या लाह्यांचा उरलेला पुडा माझ्या मांडीवर होता, आणि त्याचं ते पहिलं, खरं, बोलता न येणारं सगळं माझ्या खांद्यावर नाक पुसत होतं. त्याच्या पाठीवर मी हात ठेवला. ठेवला आणि तसाच ठेवून बसले, माझेही डोळे गळत होते ते गळू दिले. तो माणूस वाईट नाहीये हो. वाईट असता तर किती सोपं झालं असतं! वाईट माणसाला शेवटी पकडून नेतात, गोष्ट संपते, दिवे लागतात, लोक चपला शोधतात.

"मला का सांगितलंस?" मी विचारलं.

"तू विचारलंस ना," तो म्हणाला.

असा गुन्हेगार शिंपीदादाच्या एका पुस्तकात नाही. तिसरी की चौथी बस आली, तिच्यात बसलो. त्याने मला खिडकी दिली. खरं सांगू, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं की शेजारी कुणीतरी बसलंय.

दार सासूबाईंनी उघडलं. चहाचा कप हातात, नजर आधी मुलाच्या डोळ्यांवर, मग माझ्या. "अगंबाई! डोळे का असे लाल दोघांचे? विनोदी आहे म्हणत होते ना सगळे?"

एका क्षणात सगळं सांगता आलं असतं. रांगेत उभं करून मापं घ्यायला एवढा छान दिवाणखाना समोर होता! मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. आणि आम्ही दोघं एकदम, एका सुरात, एका दमात म्हणालो, "शेवट फार रडका केलाय हो आई!"

"मग जाता कशाला असल्या सिनेमांना," म्हणून त्या आत गेल्या.

आम्हा नवरा-बायकोचं ते पहिलं एकमत. घरातून निघाले होते साधी प्रेक्षक म्हणून, मध्यंतराला गुप्तहेर झाले, आणि उंबरठ्यात पाऊल टाकलं ते साथीदार होऊन. आता या साथीदारालाच लोक अर्धांगिनी म्हणतात का, ते तेवढं तुमच्यातल्या जुन्या बायकांनी मला सांगा.